काल कोणता वार होता

१२ जानेवारी २००३, रविवार

ही डायरी द्राक्षांच्या औषधांच्या दुकानदाराने फुकट दिली. प्रत्येक पानाखाली एकेका किडीचं चित्र आहे, आजच्या पानावर तुडतुडे. निवृत्त झाल्यावर रोज लिहायचं ठरवलं होतं, त्यात दोन वर्षं नुसती गेली. आता तुडतुड्यांच्या साक्षीने सुरुवात करतो.

उद्या सूनबाई शाळेत रुजू होणार. बाळंतपणाची रजा संपली. स्वराज तीन महिन्यांचा झाला आणि माझ्याकडे बघून हसतो, निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगतो. चिरंजीव अंबडच्या कंपनीत पाळ्या करतात, त्यामुळे उद्यापासून नातू दिवसभर सुलाच्या ताब्यात. सुला म्हणजे आमच्या सौभाग्यवती. तिने वरच्या दुधासाठी चांदीची वाटी आणि चमचा घासून ठेवला आहे.

मलाही उद्योग मिळाला. डॉ. विधातेबाईंची संस्था पिंपळगाव बसवंतच्या आसपासच्या गावांत तान्ह्या बाळांच्या आहाराची पाहणी करते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, हे घरोघर सांगायचं, आणि कोण किती पाळतं ते विचारून लिहायचं. लिहिलेले कागद कपाटात जमतात. ते मोजायचे कसे आणि मोजून काय समजायचं, हे गावोगाव फिरणाऱ्या बायकांना शिकवायला त्यांना सरकारी सांख्यिकीतला म्हातारा हवा होता. "पगारे, जन्मभर आकडे वर पाठवलेत, आता थोडे खाली आणा," बाई म्हणाल्या. मला ते वाक्य फार आवडलं. सुलाला तीनदा सांगितलं.

१३ जानेवारी, सोमवार

वाटीचा पहिला दिवस. स्वराजने चमचा उडवला, सुलाची साडी भिजवली, मग रडून थकला आणि प्यायला. संध्याकाळी सूनबाई मंजुषा शाळेतून आली ती चपला दारात कशाही टाकून, चहाला नको म्हणत, पदर छातीशी घट्ट धरून थेट आतल्या खोलीत. नंतर बराच वेळ न्हाणीघरात साडी धुत होती. खडूची धूळ एवढी उडते का? मी म्हणालो, पाणी एक दिवसाआड येतं, जरा बेताने. सुलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उघडला.

संस्था जे सांगते ते आमच्या घरी चालत नाही, हे माझ्या लक्षात आहे. पण आमची गोष्ट वेगळी, सूनबाईंना नोकरी आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

पिंपळगावला संस्थेच्या खोलीत पहिला वर्ग घेतला. विद्यार्थिनी दोन. छाया गांगुर्डेकडे कादवा नदीपलीकडची गावं, चैताली बोरस्तेकडे अलीकडची. चैताली तिच्या गावातच राहते. तिचं अक्षर मोत्यासारखं, फॉर्मला घडीसुद्धा नाही. छाया पिंपळगावहून एसटीने जाते. तिच्या फॉर्मवर कधी हळदीचं बोट, कधी पोराच्या पायाचा ठसा. मला नीटनेटकं आवडतं, त्यामुळे मनात कौल कुणाकडे गेला हे सांगायला नको.

टक्केवारी म्हटलं की दोघींचे चेहरे बंद होत होते. मग मी कागद जमिनीवर ओतले आणि म्हणालो, ढीग घाला. नुसतं अंगावरचं दूध एकीकडे, वरचं काही दिलेलं दुसरीकडे.

छाया हसली. "म्हंजे कांदा निवडायचा, सर. गोल्टी निराळी न् मोठा निराळा."

"तसंच."

"मग आधी नाय का सांगायचं. आमचा जन्म त्यात गेला."

अर्ध्या तासात ढीग लागले, मोजणी झाली, पाटीवर तक्ता झाला. पूर्वी ती टोमॅटोच्या गाळ्यावर प्रतवारीला जायची. या कामासाठी तिने ते सोडलं आणि आता बाहेरून बारावीला बसते आहे. जाताना म्हणाली, "पहिल्यांदाच कोणी मला ताई म्हणतंय सर, गाळ्यावर नुसतं ए म्हणायचे." मी आकड्यांचा माणूस. चहा मागवला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून मंजुषा लवकर आली आणि दिवसभर घरी होती. सुलाने भरीत केलं, मी दोनदा वाढून घेतलं, ऊन खात अंगणात बसलो. स्वराज माझ्या पोटावर झोपला. या वयात माणसाला आणखी काय लागतं?

एक गंमत नोंदवून ठेवतो. आठवडाभर वाटीने पिणारा हा लबाड रविवारी वाटीला तोंड लावत नाही. मागच्या रविवारीही तेच. माझा तर्क असा की रविवारी मी त्याच्याशी जास्त खेळतो, त्यामुळे त्याची भूक पळते. सुलाला सांगितला. ती म्हणाली, "हो, तुमच्यामुळेच सगळं होतं."

३१ जानेवारी, शुक्रवार

महिन्याची गोळाबेरीज केली. चैतालीकडे दहा बाळांतली आठ नुसत्या आईच्या दुधावर. छायाकडे दहातली तीन. मधे फक्त एक नदी.

दुपारी डॉ. विधातेबाई आल्या. तक्ता पाहिला आणि दोघींना समोर बसवून सांगितलं की देणगीदार एप्रिलपासून एकाच गटाला पैसे देणार आहेत. जिथे काम दिसतं तो गट राहील, दुसरा बंद. मी फेब्रुवारीअखेर अहवाल द्यायचा.

छाया तक्त्याकडे बघत होती. तिने स्वतः ढीग घातले होते, स्वतः मोजले होते. म्हणाली, "सर, मी पुन्यांदा मोजू का?" मोजलं. तीनच.

वाईट वाटलं. पण आकडा म्हणजे आकडा, त्याला मी काय करणार?

४ फेब्रुवारी, मंगळवार

छायाला विचारलं, तू बायकांना नीट समजावत नाहीस का? की विचारताना गडबड होते? प्रश्न अगदी सोपा आहे: काल दिवसभरात बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काय काय दिलं? काल म्हणजे कालच. आठवड्याचं विचारलं तर कोणाला आठवत नाही, म्हणून ही पद्धत जगभर चालते.

"जसं शिकवलं तसंच इचारते, सर. बाया जे सांगत्यात तेच लिहिते. खोटं लिहू का?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग गुरुवारी चला माझ्यासंगं. गुरुवारीच बाया घरी सापडत्यात, बाजाराचा दिवस ना. मजुरीला सुट्टी. बाकी दिवस गाव ओसाड असतं."

जातो म्हणालो. तिची चूक पकडली तर सुधारता येईल, असा हेतू.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कादवेपलीकडे जाऊन आलो. गावात सणासारखं वातावरण. न्हालेल्या बायका उन्हात केस वाळवत होत्या, कोणी बाजाराची पिशवी शोधत होतं. मी पुरुष माणूस, ओट्यावर लांब बसलो आणि कान तेवढे दिले.

छाया उत्तम विचारते. घाई नाही, दरडावणं नाही. फुलाबाई म्हणून एक तरणी बाई होती, पोर मांडीवर. तिने सांगितलं, "काल व्हय? काल मी धोंडीराम आण्णांच्या पॅकहाउसला, द्राक्षं भरायला. सासूनं शेळीचं दूध पाजलं न् दुपारी साखरपाणी."

"आई, बाळाला साखरपाणी नाय द्यायचं, सांगितलं होतं ना?" छाया सासूकडे वळली.

"मग रडू देऊ का?" सासू म्हणाली. "तूच ये मग दुपारची."

नंतर फुलाबाई छायाच्या कानाशी हळूच काहीतरी बोलली, छातीवरचा पदर सारखा करत. छायाने मान हलवली. मला ऐकू आलं नाही आणि विचारणं बरं दिसलं नसतं.

विचारण्यात काही खोट नाही. म्हणजे समजावण्यातच कमी पडत असेल. सासवा तिचं ऐकत नाहीत, आणखी काय?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल चैतालीच्या घरी मुक्काम केला आणि आज भल्या सकाळी तिच्याबरोबर फिरलो. थंडीने दात वाजत होते. ती नेहमी शुक्रवारी मजुरांचा टेम्पो यायच्या आत घरं उरकते. गुरुवारी तिलाही बाजार असतो. बायका घरातलं आवरत उभ्या उभ्या उत्तरं देत होत्या. "काल? काल काय, अंगावरचंच. दुसरं कशाला?" प्रत्येक घरी जवळजवळ हेच. मग हॉर्न वाजला आणि सगळ्या पळाल्या.

चैतालीचं शिकवणं या बायकांच्या अंगी मुरलं आहे. परतीच्या एसटीत मनातल्या मनात अहवालाचा पहिला परिच्छेद जुळवला. एका अर्थी सोपं झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

अहवाल लिहायला बसलो. "नदीपलीकडील गटात अपेक्षित परिणाम दिसत नाही." एवढं लिहून पेन ठेवलं. वाक्य बरोबर आहे, पण छाया ते वाचेल. मीच तिला तक्ता वाचायला शिकवलं.

मंजुषाने पोह्यांची बशी आणून ठेवली. आज ती गाणं गुणगुणत होती. रविवारी तिचा चेहरा निराळाच असतो, मास्तरांना सुट्टी प्यारी. स्वराजने आज पुन्हा वाटीला नकार दिला. मी फार खेळलो नव्हतो, तरीही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते सविस्तर लिहितो.

सकाळी वाटलं, अहवाल देण्याआधी प्रश्नावली एकदा घरी तपासून बघावी. आपल्या घरचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा प्रश्न खरं उत्तर काढतो की नाही ते कळेल. पण सुनेला हे सासऱ्याने कसं विचारायचं? फॉर्म सुलाच्या हाती दिला आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो. सुला म्हणाली, "डोकं कामातून गेलंय तुमचं." पण वाचू लागली.

"काल दिवसभरात बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काय काय दिलं? पाणी?"

"नाही," मंजुषा वेणी घालता घालता म्हणाली.

"वरचं दूध?"

"नाही."

"गुटी, साखरपाणी, पेज?"

"नाही हो आई. काही नाही."

मला भिंतीकडे बघत राहवलं नाही. "असं कसं? वाटीभर दूध तो रोज पितो. मी स्वतः वाटी विसळली आहे."

"रोज पितो, बाबा. काल नाही प्यायला. काल रविवार होता ना, मी घरीच होते."

ती शाळेला निघून गेली. मी फॉर्मचे गठ्ठे काढले आणि कॅलेंडर खाली उतरवलं. फॉर्मवर तारीख आहे, वार नाही. एकेक तारीख लावत गेलो. छायाचे सगळे गुरुवार. चैतालीचे सगळे शुक्रवार.

म्हणजे छाया गुरुवारी विचारते ते बुधवारचं, बायका कामावर असतात त्या दिवसाचं. चैताली शुक्रवारी विचारते ते बाजाराच्या दिवसाचं, आया घरी असतात त्या एकमेव दिवसाचं. नदीचा काही संबंध नाही. समजावण्याचाही नाही. दोघींनी जगभरची पद्धत बिनचूक पाळली आणि मी बिनचूक बेरीज केली.

सुलाला सांगितलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "आई घरी असली की मूल वाटीने कशाला पिईल?" म्हणाली आणि गॅसवर भाजी टाकायला गेली. नातू माझ्याशी खेळून पोट भरत नव्हता, हे मीही मुकाट्याने मान्य केलं.

अहवालाचं ते वाक्य खोडलं. खोडताना फार बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोघींचे वार बदलले. काल गुरुवारी चैताली फिरली, आज पहाटे छाया. तीही गावात मुक्काम करून. दुपारी जमिनीवर ढीग घातले. छायाकडे दहातली आठ. चैतालीकडे दहातली तीन.

चैतालीचा चेहरा पडला. छाया तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मला पण असंच झालतं. चहा घे." मग दोघी हसत सुटल्या, आणि मीही. माझ्या नोकरीच्या काळात मी असे किती वार गिळले असतील देव जाणे. फॉर्मवर तारखेशेजारी वाराचा रकाना वाढवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉ. विधातेबाईंना सगळं सांगितलं. त्यांना पटलं, पण खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "हे ठीक आहे. पण पैसे एकाच गटाचे येणार. दोघींचं काम सारखं असलं तर मी निवडू कशी?"

म्हणजे छायाची टांगती तलवार तशीच, आता चैतालीच्याही डोक्यावर. मी अहवालाचे कागद उगाच सारखे करत होतो.

छाया बोलली. "बाई, नदी नकाशात हाय. अलीकडच्या न् पलीकडच्या बाया एकाच टेम्पोत बसून आण्णांच्या पॅकहाउसला जात्यात. मग दोन गट कशापायी? एकच धरा. काम पण गावात नाय आता, पॅकहाउसवर हाय."

बाई तिच्याकडे वळल्या. "तिथं जाऊन आण्णांना सांगशील हे?"

"सांगते की. तक्ता द्या फक्त."

बाई म्हणाल्या, आण्णा काय म्हणतात त्यावर ठरवू. सगळं आता त्या एका भेटीवर आलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

धोंडीराम आण्णांच्या पॅकहाउसवर गेलो. परदेशी मालाची घाई, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांच्या रांगा, गार हवा. आण्णा कॅलिपरने द्राक्षाच्या मण्यांची जाडी मोजत होते. मी बोलणार होतो, तर छायाने थेट तक्ता त्यांच्या टेबलावर उलगडला. डाव्या बाजूला बाजाराचा दिवस, उजव्या बाजूला बाकीचे.

"हे काय हाय?"

"एकाच बागेचा माल, आण्णा. एका दिवशी दहातली आठ पेटी एक नंबर, दुसऱ्या दिवशी तीन. बाग तीच, बाया त्याच. तुम्ही काय म्हणाल?"

"म्हणेन मधी कोणीतरी घाण केली."

"मधी आठ तासाची पाळी हाय. बाळ घरी, आई हितं."

आण्णांनी तक्ता जवळ ओढला. "पॅकहाउसमधी पोरं चालत नाय, ताई. तपासणीवाले आले तर माझा अख्खा कंटेनर माघारी धाडतील."

"आत नको. तो क्रेट ठेवायचा ओटा हाय ना बाहेर, तेवढा द्या. दुपारी डब्यांचा टेम्पो गावातून येतोच. त्यात डब्यांबरोबर आज्या न् बाळं बसतील. जेवायच्या सुट्टीत आया पाजतील, टेम्पो परत."

"न् सुट्टी लांबली तर?"

"दुपारी हातं चालत नाय बायांची. का ते मी तुम्हाला सांगणार नाय, घरी काकूंना इचारा."

आण्णा खो खो हसले. का हसले, मला नीटसं कळलं नाही. म्हणाले, हंगामभर करून बघू. मग माझ्याकडे वळून, "सर, ही तुमची कोण?" मी म्हणालो, आमच्या छायाताई. तिने दुसरीकडे बघितलं, पण तिचं हसू मला दिसलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना पॅकहाउसची हकिकत रंगवून सांगितली, टेम्पोसकट. चिरंजीव खूश. मंजुषा ताटात बघत ऐकत होती. एकदम उठून आत गेली, डोळे भरले होते. मी विचारलं, तिखट झालं का?

सुलाने आमटीची वाटी खाली ठेवली. "बागेतल्या बायकांसाठी टेम्पो निघतो," ती म्हणाली, "आणि आपल्या अंगणात स्कूटर धूळ खात उभी आहे."

मी पुढचा घास घेतला नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

स्कूटर पुसली. मागे सुला, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला स्वराज. शाळा काही लांब नाही, हे इतके दिवस मला ठाऊक होतंच. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा आम्ही फाटकात होतो. मंजुषा व्हरांड्यातून आली. आधी भरभर चालत, मग पोरांसमोर चक्क पळत. मुख्याध्यापिकांनी चित्रकलेची खोली उघडून दिली. मी बाहेर झाडाखाली थांबलो. चौथीतल्या पोरांनी मला स्कूटरची किंमत विचारली.

१३ मार्च, गुरुवार

आज छाया आणि चैताली पहिल्यांदा दोघी मिळून फिरल्या, वार गुरुवार, म्हणजे माहिती बुधवारची, कामाच्या दिवसाची. ढीग घातले. दहातली सात. छायाने पुन्हा मोजले. सातच. डॉ. विधातेबाईंनी देणगीदारांना अहवाल पाठवला होता: गट एक, सेविका दोन. होकार आला. छायाने बातमी ऐकली आणि पहिल्यांदा काय केलं, तर पदराने पाटीवरचा जुना तक्ता पुसला आणि नवा आखायला घेतला. मग तशीच उभी राहून रडली. मला म्हणाली, "सर, बारावीचा गणिताचा पेपर सोपा जाईल आता."

आमची स्कूटर रोज जाते. मधल्या सुट्टीत पोरं आता "स्वराज आला" म्हणून ओरडतात. आणखी एक नोंद: सूनबाईंनी रोज साडी धुणं बंद केलं आहे. पाण्याबद्दल मी बोललो होतो, ते तिने उशिरा का होईना मनावर घेतलं. सुलाला हे सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की ठसका लागला. बायकांचं हसणं मला कधी कळलं नाही.

आता ती आत झोपलेल्या नातवाचं पांघरूण सारखं करते आहे. चांदीची वाटी फळीवर पालथी घातली आहे. आज गुरुवार, शाळेचा दिवस.